रानातली जनावरे गोचीड तापाने का मरत नाहीत?

प्रश्न एका दूध उत्पादक शेतकऱ्याचा आहे. त्यांच्या गोठ्यातील दोन संकरित कालवडी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर थायलेरिओसिसने, म्हणजे गोचीड तापाने, दगावल्या. ते विचारतात की, रानातल्या गव्याच्या, सांबराच्या किंवा रोह्याच्या अंगावर कोणी गोचीडनाशक फवारत नाही आणि तरीही ही जनावरे ठणठणीत दिसतात. मग आपणही फवारणी थांबवली, तर गुरांमध्ये तशीच प्रतिकारशक्ती दोन-चार पिढ्यांत उतरेल का? उत्तर नकारार्थी आहे, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ते नकारार्थी का आहे, हे समजले तर गोठ्यात नेमके काय करायचे हेही समजते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

काही वर्षांपूर्वी कठडा नसलेल्या विहिरीत पडून मेलेल्या एका गव्याच्या शवविच्छेदनासाठी मला बोलावणे आले होते. जनावर तरणे होते, अंगावर मांस चांगले होते आणि मृत्यू मानेचा मणका मोडल्याने झाला होता, याविषयी शंका नव्हती. मात्र कानाच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या पायांच्या जांघेत गोचीड होतेच. सवयीने मी कानाच्या टोकाच्या रक्ताच्या दोन काचपट्ट्या करून घेतल्या आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बराच वेळ काही दिसले नाही. मग एका तांबड्या पेशीत स्वल्पविरामासारखा एक ठिपका दिसला आणि आणखी कितीतरी क्षेत्रे पाहिल्यावर दुसऱ्या पेशीत अंगठीच्या आकाराचा दुसरा. नुसत्या काचपट्टीवरून थायलेरियाची, म्हणजे या तापाच्या परजीवीची, जात ठरवता येत नाही, पण परजीवी रक्तात होता आणि जनावराला आजार नव्हता, एवढे उघड होते. आपण ज्याला रानातल्या जनावराची प्रतिकारशक्ती म्हणतो ती बहुतेक वेळा अशी असते: परजीवी आत असतो, फक्त तो डोके वर काढत नाही.

येथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. अंगावर गोचीड कमी चढू देणे किंवा चढलेले लवकर काढून टाकणे ही एक गोष्ट. गोचिडाने लाळेतून सोडलेल्या परजीवीला वाढू न देणे ही दुसरी. आणि परजीवी वाढला तरी त्यापायी स्वतःच्या शरीराची हानी होऊ न देणे, म्हणजे सहनशीलता, ही तिसरी. या तिन्हींचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो आफ्रिकेत, आणि त्यात मध्यवर्ती प्राणी आहे आफ्रिकी रानम्हैस. आपल्या गोठ्यातल्या म्हशीशी तिचे नाते दूरचे आहे. ती वेगळ्या प्रजातीगटातली आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

या रानम्हशीच्या रक्तात थायलेरिया पार्व्हा नावाचा परजीवी असतो. तपकिरी कान-गोचीड त्याचा प्रसार करतो. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून आणलेल्या गुरांबरोबर हा परजीवी खंडाच्या दक्षिण भागात पोहोचला आणि तेथील गुरे धडाधड मरू लागली. म्हणून रोगाला ‘ईस्ट कोस्ट फीवर’ हे नाव पडले. लाउन्सबरी या कीटकशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याचा संबंध कान-गोचिडाशी जोडून दाखवला. दक्षिण आफ्रिकेने गुरांची सक्तीची गोचीडनाशक स्नाने, हालचालींवर बंदी आणि बाधित कळपांची कत्तल अशा कडक उपायांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा रोग हटवला. पण नेमक्या त्याच सुमारास ह्लुह्लुवे आणि उम्फोलोझी या दोन अभयारण्यांमधल्या पट्ट्यात चरणारी गुरे तशाच आजाराने मेली. त्या पट्ट्याला ‘कॉरिडॉर’ म्हणत, म्हणून रोगाचे नाव ‘कॉरिडॉर डिसीज’. गुरांमधून नाहीसा झालेला परजीवी रानम्हशींमध्ये मुक्कामाला होता. पुढे त्या देशात बाधित कळपांतून रोगमुक्त रानम्हशी मिळवण्यासाठी रेडकाला आईपासून लहानपणीच तोडून, गोचीडविरहित जागी जर्सी गाईंच्या दुधावर वाढवावे लागले. संसर्गाच्या प्रदेशातील मोकळ्या कळपात वाढलेली रानम्हैस बहुधा वाहक असतेच.

आता एकच परजीवी दोन जनावरांत इतका वेगळा का वागतो, ते पाहू. गोचिडाच्या लाळेतून आलेला परजीवी प्रथम लसिका पेशीत, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत शिरतो. गाईच्या शरीरात तो त्या पेशीला अखंड विभाजन करायला लावतो. पेशी दुभंगताना तिची गुणसूत्रे ज्या धाग्यांनी ओढली जातात त्यांनाच परजीवी चिकटतो, त्यामुळे पेशीबरोबर तोही आयताच वाटला जातो आणि दोन्ही नव्या पेशी बाधित जन्मतात. हे वागणे कर्करोगासारखे आहे, फरक इतकाच की बुपार्व्हाक्वोन या औषधाने परजीवी मारला तर पेशीचे विभाजन थांबते. कान-गोचीड कानात चावत असल्याने प्रथम कानाखालची गाठ सुजते, मग खांद्यापुढची, मग सर्वच. ताप चढतो, फुप्फुसात पाणी भरते, नाकातोंडातून फेस येतो आणि उपचार झाले नाहीत तर तीन-चार आठवड्यांत जनावर जाते. रानम्हशीतही परजीवी याच वाटेने शिरतो, परंतु तेथे बाधित पेशींची ही बेफाम वाढ आवरली जाते. पांढऱ्या पेशींतील टप्पा आटोक्यात राहतो, पुढे परजीवी तांबड्या पेशींत उतरतो आणि अत्यल्प संख्येने वर्षानुवर्षे तेथेच राहतो. नवा गोचीड रक्त प्यायला आला की त्याच्यासोबत बाहेर पडतो.

परजीवीच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार चोख आहे. रानम्हशीकडून आलेल्या परजीवीने गाय मेली, तर ती बहुधा तांबड्या पेशींत पुरेसे परजीवी तयार होण्याआधीच मरते आणि पुढच्या गोचिडाला तिच्याकडून काही मिळत नाही. म्हणजे गाय मारून त्याचा काहीच लाभ होत नाही. ती केवळ वाटेत आलेली असते. पाळीव गुरे पूर्व आफ्रिकेत पोहोचून चार-पाच हजार वर्षे झाली असतील, तर रानम्हैस आणि हा परजीवी यांचे साहचर्य त्याहून फारच जुने आहे. दोन-चार पिढ्यांत तसा समझोता घडवण्याची कल्पना या हिशेबात बसत नाही, हे प्रश्नकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

वयाचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे. रानम्हशीच्या रेडकाला पहिल्या काही महिन्यांतच गोचीड चावतात आणि संसर्ग होतो. त्या वेळी त्याला आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण असते. पहिल्या संसर्गातून ते तरले की पुढे आयुष्यभर होणारे डंख ही त्याला जणू पुन्हा पुन्हा मिळणारी लस ठरते. बबेसिया या दुसऱ्या गोचीडजन्य परजीवीमुळे गुरांना होणाऱ्या बबेसिओसिसमध्ये तर कोवळ्या वासरांची उपजत सहनशक्ती सहा-नऊ महिन्यांपर्यंत मोठ्या जनावरांपेक्षा अधिक असते, म्हणून लहानपणी झालेला संसर्ग सौम्य जातो आणि तोच प्रथम मोठेपणी झाला तर घातक ठरतो. ज्या प्रदेशात जवळजवळ प्रत्येक वासराला या सुरक्षित वयातच संसर्ग होतो तेथे परजीवी भरपूर असूनही रोग क्वचित दिसतो. याला शास्त्रीय भाषेत प्रदेशनिष्ठ स्थैर्य म्हणतात. रानातल्या कळपांचे आरोग्य बऱ्याच अंशी या स्थैर्यावर उभे असते.

गोचीड कमी ठेवण्याची पहिली फळी मात्र रक्तात नसून दातांत असते, आणि त्याचा उत्तम नमुना म्हणजे इंपाला हे हरिण. त्याचे खालचे पुढचे दात जबड्यात किंचित सैल बसलेले असतात आणि केसांतून फिरवताना कंगव्यासारखे काम करतात. दिवसभरात ते शेकडो वेळा अंग विंचरते. मान आणि डोके स्वतःला पोहोचत नाही, म्हणून दोन इंपाला समोरासमोर उभे राहून आळीपाळीने एकमेकांची मान साफ करतात, आणि एकाने थांबवले की दुसराही थांबवतो. हार्ट आणि मूरिंग या संशोधकांनी काही इंपालांना अंग विंचरता येऊ नये असा पट्टा बांधून पाहिले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, पट्टा बांधलेल्या प्राण्यांवर पूर्ण वाढलेल्या मादी गोचिडांची संख्या इतरांच्या वीसपट आढळली. विणीच्या हंगामात हद्द राखणारा नर या कामाला वेळ देऊ शकत नाही आणि त्याच्या अंगावर माद्यांपेक्षा कितीतरी अधिक गोचीड साठतात. लहान पिल्ले मोठ्यांपेक्षा जास्त वेळा अंग साफ करतात, कारण शरीराच्या मानाने त्यांचे रक्त थोडे आणि त्वचा जास्त असते. तेवढेच गोचीड त्यांना अधिक महागात पडतात.

या विंचरण्याला रोगाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. थायलेरियाचा परजीवी गोचिडाच्या लाळग्रंथीत तयार स्थितीत वाट पाहत नसतो. गोचीड चिकटून रक्त प्यायला लागल्यानंतर साधारण तीन ते पाच दिवसांनी तो पक्व होऊन लाळेत उतरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी काढलेला गोचीड आणि सहाव्या दिवशी काढलेला गोचीड यांत फार मोठे अंतर आहे. गोठ्यात रोज खरारा करणाऱ्या जुन्या माणसांना हे कारण ठाऊक नव्हते, पण सवय अचूक होती.

गोचीड टिपणाऱ्या ऑक्सपेकर पक्ष्यांविषयी मात्र जरा हात राखून बोलावे. ते गोचीड खातात हे खरे, पण झिंबाब्वेत गुरांवर झालेल्या एका प्रयोगात पक्ष्यांच्या असण्या-नसण्याने मोठ्या गोचिडांच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही, आणि जखमा टोचून ओल्या ठेवून त्यातले रक्त पिण्याची या पक्ष्यांची सवय तेवढी स्पष्ट दिसली.

रानातली जनावरे ठणठणीत दिसतात, या निरीक्षणातच एक फसगत दडलेली आहे. आपल्याला दिसतात ती वाचलेली जनावरे. अशक्त झालेले रेडकू कोणी पाहण्याआधी तरसांच्या तोंडी जाते. त्याची काचपट्टी कोणी करत नाही. जेथे वन्य प्राणी कुंपणात वाढवले जातात, म्हणजे रोज नजरेखाली असतात, तेथे चित्र वेगळे दिसते. दक्षिण आफ्रिकेत रोन आणि सेबल या मोठ्या हरिणांच्या पिल्लांचा थायलेरियाने होणारा मृत्यू ही पैदास केंद्रांची जुनी डोकेदुखी आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेणवीय अभ्यासात कुडू आणि डुइकर या हरिणांच्या मृत्यूंशीही थायलेरियाच्या जाती जोडल्या गेल्या. हे सर्व आफ्रिकेचे मूळ रहिवासी आहेत, तरीही मरतात. जागा अपुरी, गोचीड दाट आणि जनावर ताणाखाली असले की शतकानुशतकांचा समझोताही तुटतो.

टांझानियातील न्गोरोन्गोरो विवराइतके याचे ठळक उदाहरण दुसरे नाही. त्या विवराच्या तळाशी मासाई लोक गुरे चारत आणि ठरावीक काळाने गवत पेटवून देत. १९७४ मध्ये त्यांना तेथून हलवले गेले आणि गवत पेटवणेही थांबले. उंच, जुने गवत माजले, आणि अशा गवतात गोचिडांची अंडी व पिल्ले सुखाने टिकतात. २००० साली कडक दुष्काळ पडला. उपाशी, खंगलेल्या जनावरांवर गोचिडांचा मारा झाला आणि २०००-०१ मध्ये हजाराहून अधिक रानम्हशी मेल्या, त्यांच्यासोबत वाइल्डबीस्ट आणि झेब्रेही गेले. काळ्या गेंड्यांच्या तेथील मृत्यूंमागे बबेसिया आढळला. खंगलेल्या, गोचिडांनी लडबडलेल्या रानम्हशी खाणाऱ्या सिंहांनाही बबेसियाने गाठले, आणि त्याच वेळी पसरलेल्या श्वानज्वराच्या विषाणूने त्यांची अवस्था आणखी बिकट केली. २००१ पासून नियंत्रित पद्धतीने गवत पेटवणे पुन्हा सुरू झाले आणि गोचिडांची घनता उतरली. ज्या रानम्हशीच्या रक्तात परजीवी निमूटपणे राहतो तीच रानम्हैस, चारा नसला आणि गोचीड दसपटीने वाढले, की अशी कोसळते. तिची प्रतिकारशक्ती पोट भरलेले असण्यावर आणि डंखांच्या संख्येवरही अवलंबून असते.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ. आपल्याकडे कारणीभूत परजीवी वेगळा आहे, थायलेरिया अ‍ॅन्युलाटा, आणि त्याचा प्रसार करतो हायलोमा गोचीड. ज्यांच्याकडे एकाच छपराखाली म्हैस, देशी गाय आणि होल्स्टीन संकरित कालवड असते त्यांना आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. जूनमध्ये संकरित कालवड खाणे सोडते, १०६ अंश ताप, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, डोळ्यांच्या कडा प्रथम लाल आणि पाच-सहा दिवसांत पांढऱ्या फटक. शेजारची म्हैस तेच गोचीड अंगावर वागवत रवंथ करत असते. आशियाई म्हैस हीच या परजीवीची मूळ यजमान, म्हणजे त्याला आसरा देणारे मूळ जनावर, असावी, असे मानले जाते. देशी गुरांचे स्थान मधले. साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना सारख्याच मात्रेत संसर्ग देऊन केलेल्या प्रयोगांत साहिवाल वासरांचा ताप आणि दाहाची प्रतिक्रिया सौम्य राहिली आणि ती सावरली. परजीवी त्यांच्यातही शिरला होता, पण शरीराने स्वतःचीच नासाडी करून घेतली नाही. महाराष्ट्रातील गुरांच्या रक्तनमुन्यांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीसीआर (परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पाहणीनेही हेच सुचवले की वाहक राहण्याची किंमत संकरित जनावराला देशी जनावरापेक्षा अधिक मोजावी लागते.

हायलोमाच्या बाबतीत आणखी एक फरक आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गवा काल बसला त्या जागी आज बसत नाही. आपली गाय मात्र वर्षानुवर्षे एकाच खुंट्याला, त्याच भिंतीजवळ बांधलेली असते. रक्त पिऊन गळून पडलेला गोचीड भिंतीच्या भेगेत, गव्हाणीच्या फटीत शिरतो, तेथेच कात टाकतो आणि बाहेर येतो तेव्हा समोर तीच गाय असते. न्गोरोन्गोरोत जे उंच गवताने केले ते आपल्याकडे न लिंपलेली भिंत करते.

मग फवारणी थांबवावी का? झिंबाब्वेचा अनुभव दोन्ही बाजूंनी विचार करायला लावतो. तेव्हाच्या ऱ्होडेशियात अनेक दशके गुरांना सक्तीने आणि नेमाने गोचीडनाशकाच्या हौदातून काढले जाई. १९७० च्या दशकातील युद्धात ही व्यवस्था मोडली आणि गोचिडांशी कधी गाठच न पडलेली मोठी गुरे एकाएकी त्यांच्या तावडीत सापडली. गोचीडजन्य रोगांनी मेलेल्या गुरांचा अंदाज सुमारे १० लाख असा दिला जातो. सततच्या निर्जंतुक संरक्षणाने प्रतिकार घडायला वावच राहिला नव्हता, हे खरे; पण तो आणण्यासाठी औषध एकदम बंद करणे म्हणजे काय, हेही याच आकड्यात दिसते. निसर्गाने रानात जी निवड केली ती मेलेल्या पिलांच्या हिशेबावर केली. ऐंशी हजारांची गाभण कालवड त्या हिशेबात घालण्याची कोणाची तयारी नसते, आणि नसावीही.

रानातल्या व्यवस्थेतून आपल्याला उचलता येते ती वेळ आणि मात्रा. कोवळ्या वयात, संरक्षण असताना, मोजून-मापून ओळख करून देणे हेच आफ्रिकेतल्या ‘मुगुगा कॉकटेल’ लसीचे तत्त्व आहे: जिवंत परजीवी टोचतात आणि सोबत दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात, म्हणजे संसर्ग होतो पण सौम्य होतो. त्या मिश्रणातल्या तीन वाणांपैकी एक सेरेंगेटीतील रानम्हशीकडून मिळालेला आहे. आपल्याकडे पेशीसंवर्धनात क्षीण केलेल्या थायलेरिया अ‍ॅन्युलाटाची लस आहे. ती द्रव नायट्रोजनमध्ये साठवावी लागते, त्यामुळे खेड्यापर्यंत पोहोचवणे कटकटीचे होते, परंतु संकरित कालवडींसाठी ती वासरू दोन महिन्यांचे झाल्यावर टोचून घेणे हा माझ्या मते पैशाचा सर्वांत चांगला उपयोग आहे. आनुवंशिक मार्गही बंद नाही: केनियातील बोरान गुरांच्या एका वंशावळीत ईस्ट कोस्ट फीवरमधून तरण्याशी निगडित असा जनुकाचा प्रकार २०२२ मध्ये दाखवला गेला. पण ती पैदास केंद्रांची कामे आहेत. आपल्या हातात इतकेच आहे की, पुढचे रेतन करताना होल्स्टीनचा अंश आणखी वाढवायचा की साहिवाल किंवा गीरकडे वळायचे, याचा विचार करावा.

फवारणी चालू ठेवा, मात्र जनावरावर जितकी करता तितकीच भिंतीवर करा, आणि त्याआधी भेगा सिमेंटने बुजवून चुना लावा, कारण बुजलेल्या भेगेत औषधाची गरजच उरत नाही. एप्रिल ते सप्टेंबर रोज खरारा करताना कानाच्या आत, कासेच्या मागे आणि शेपटीखाली बोट फिरवून पाहा. सापडलेला गोचीड तेथेच टाकू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. बाहेरच्या, गोचीड नसलेल्या भागातून मोठी गाय आणत असाल तर धोका सर्वाधिक असतो, कारण तिच्या शरीराने हा परजीवी कधी पाहिलेला नसतो. ती उतरवून घेतलेल्या दिवशी दोन्ही खांद्यांपुढच्या गाठी चाचपून त्यांचा आकार लिहून ठेवा आणि पुढचे तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, १०३.५ च्या वर गेला आणि गाठ वाढलेली लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना बोलावून गाठीतला द्रव काचपट्टीवर घ्यायला सांगा.